भरून घेतलेल्या कॅसेट आणि नव्वदीतला पॉप: गाणी उतरवून आपल्या माणसांना ऐकवायची पद्धत

खोकंभर कॅसेट सापडल्या की पहिला मोह होतो तो सगळ्या उतरवून काढायचा. तो आवरा. कॅसेट तिच्या मूळ वेगानेच उतरते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं, आणि मग गाणी वेगळी करून नावं घालायला जवळपास तेवढाच वेळ. वीस कॅसेट म्हणजे चाळीस तासांचं काम. म्हणून कामाची सुरुवात टेप लावून करू नका, वाटणी करून करा.

कॅसेटचे तीन गठ्ठे पाडा. पहिला, कंपनीच्या छापील कॅसेट ज्यांचा अख्खा अल्बम आज ॲपवर चांगल्या आवाजात मिळतो. या उतरवायच्या नाहीत. त्यांचं फक्त कव्हर स्कॅन करायचं. दुसरा, कंपनीच्याच पण ॲपवर न मिळणाऱ्या, किंवा फक्त रिमिक्स रूपात मिळणाऱ्या. तिसरा, घरी किंवा दुकानात भरून घेतलेल्या. दुकानदाराला चिठ्ठीवर यादी देऊन भरून घेतलेली कॅसेट, रेडिओसमोर टू-इन-वन धरून उतरवलेला कार्यक्रम, मध्येच कुणाचं तरी खोकणं, शेवटी उरलेल्या जागेत घरातल्या लहानग्याने म्हटलेली कविता. हे सगळं जगात दुसरीकडे कुठेही नाही. सुरुवात या तिसऱ्या गठ्ठ्यापासून करा, मग दुसरा घ्या.

पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा करताना एक चूक हमखास होते. ॲपवर अल्बमचं नाव दिसतं आणि आपण कॅसेट बाजूला ठेवतो. नंतर कळतं की तिथे गाजलेली दोनच गाणी आहेत. त्यासाठी बी बाजूची तीन गाणी शोधून पाहा आणि त्यांची लांबी कॅसेटशी ताडून बघा. बी बाजू पूर्ण मिळाली तर अल्बम खरोखर उपलब्ध आहे असं समजायला हरकत नाही.

टेपमध्ये घालण्याआधी

कॅसेट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे बघा. ए बाजू आपल्याकडे आणि रीळ दिसणारी कड खाली धरली तर वर डावीकडचा तुकडा ए बाजूचा. तो शाबूत असेल तर कॅसेटवर अजून रेकॉर्डिंग होऊ शकतं, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं की मूळ आवाज गेला. दोन्ही तुकडे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मोडून टाका. पाच सेकंदांचं काम आहे, आणि भरून घेतलेल्या कॅसेटच्या बाबतीत ते कधीही टाळू नका.

मग खिडकीतून रिळाच्या कडा उजेडात तपासा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसतात. ती बुरशी. अशी कॅसेट टेपमध्ये घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तिला वेगळ्या पिशवीत ठेवा. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात चार-पाच दिवस कोरडी होऊ द्या. नंतर नाकातोंडावर मास्क लावून, उघड्या गॅलरीत, षटकोनी पेन्सिल दात्यांत घालून हळूहळू रीळ फिरवा आणि बाहेर दिसणाऱ्या फितीला मऊ कोरडं कापड अगदी हलकं टेकवून धरा. एका फेरीत काम होत नाही, दोन-तीन कराव्या लागतात.

खालच्या कडेच्या मध्यभागी तांबूस पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो. फीत हेडला टेकलेली ठेवायचं काम तो करतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद वाळतो आणि तो पडतो. आवाज गोधडीतून आल्यासारखा दबका, कमी-जास्त होणारा येत असेल तर आधी हा चौकोन आहे का ते पाहा. नसेल तर एखाद्या निकामी कॅसेटमधला पट्टीसकट काढून बसवा. नुसतं फेल्ट चिकटवायचं असेल तर गोंदाचा एकच थेंब, तोही पट्टीच्या बाजूला. फितीला गोंद लागता कामा नये.

पाच स्क्रूंची कॅसेट सहज उघडते. स्वस्तातल्या बऱ्याच कॅसेट मात्र चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या पातळ पात्याने कडेकडेने उघडाव्या लागतात आणि मग आतली दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात हलवायची. हलवताना फितीची बाजू उलटू देऊ नका: आतली पाठ आतच, बाहेरची बाजू हेडकडे. काढण्यापूर्वी फोनवर एक फोटो घ्या. फीत कुठल्या चाकावरून कशी गेली होती हे नंतर आठवत नाही.

तुटलेली फीत जोडायला साधी सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि हेडवर बसतो. कॅसेटच्या फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर असते; त्याच रुंदीची जोडपट्टी ऑनलाइन मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा, पट्टी पाठीच्या बाजूने लावा, नखाने दाबा. कॅसेट जितकी लांब तितकी फीत पातळ: साठ मिनिटांची साधारण १६ ते १८ मायक्रॉन, नव्वदची १२, एकशेवीसची ९. एकशेवीसची कॅसेट पुढे-मागे भरधाव पळवू नका, ती ताणली जाते.

टेपची तयारी

वर्षानुवर्षं बंद असलेला टेपरेकॉर्डर कॅसेट खातो तो दोन कारणांनी. एक, आतले रबरी पट्टे सैल किंवा चिकट झालेले. दोन, फीत ओढणारं रबरी चाक चिकट किंवा टणक झालेलं. पहिली चाचणी नेहमी टाकाऊ कॅसेटवर घ्या, कामाच्या कॅसेटवर कधीच नाही. दहा मिनिटं नीट चालली, दोन्ही चाकं फिरली, मध्ये फितीचा फुगवटा आला नाही, तरच पुढे जा.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या लागतात. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर बसतो. हेड आणि शेजारची पोलादी काडी अल्कोहोलने पुसा, कापसावर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल जास्त लावलं तर रबर वाळतं. त्यासाठी साबणाच्या पाण्याचं ओलसर कापड पुरतं. पाच मिनिटं वाळू द्या. दर चार-पाच कॅसेटनंतर हेच पुन्हा करा.

आता अझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी कोन. हेड फितीला काटकोनात नसेल तर ‘स’, ‘श’, झांजा, हाय-हॅट असे उंच आवाज मरतात. बहुतेकांना वाटतं कॅसेट खराब झाली. बऱ्याचदा बिघाड या कोनाचा असतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा छोटा स्क्रू दिसेल. हेडफोनवर मोनोमध्ये ऐकत तो एका वेळी एक अष्टमांश फेरा फिरवा. मोनोमध्येच का, तर कोन चुकला की डाव्या-उजव्या बाजूच्या आवाजात किंचित अंतर पडतं, आणि दोन्ही मिसळल्यावर उंच सूर एकमेकांना खोडतात. त्यामुळे फरक लगेच कानाला लागतो. आवाज सगळ्यात लख्ख झाला की थांबा. भरून घेतलेली कॅसेट ज्या टेपवर भरली त्याचा कोन तिच्यात उतरलेला असतो, म्हणून तिसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कॅसेटला हा स्क्रू नव्याने जुळवावा लागतो. मूळ जागा लक्षात राहावी म्हणून सुरुवातीलाच स्क्रूवर मार्करने खूण करा.

जोडणी आणि रेकॉर्डिंग

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते लॅपटॉपच्या एकुलत्या एक भोकामुळे. ते हेडफोन आणि माइकसाठी असतं, आणि त्यातला माइकचा भाग मोनो असतो. त्यात थेट वायर घातली तर आवाज फाटतो आणि दोन बाजू एक होतात. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंडकार्ड घ्या. डेकच्या मागे लाल-पांढऱ्या पिना असतील तर त्या तिथून. टू-इन-वन असेल तर हेडफोनच्या भोकातून, आवाज निम्म्यावर ठेवून. टोन किंवा बास वाढवणारी बटणं मध्यावर. हम्म असा सततचा ५० हर्ट्झचा घुमारा आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो. यूएसबीची तार असलेले स्वस्त कॅसेट प्लेअर मिळतात, पण त्यांची यंत्रणा हलकी असते आणि लांब सूर थरथरतो. गाण्यांसाठी ते टाळावेत. बोलण्याच्या कॅसेटला चालून जातील.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरेसं आहे आणि ते फुकट आहे. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवा. सगळ्यात जोरकस गाणं आधी वाजवून पातळी लावा: शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास, शून्याला कधीही नाही. शून्यावर फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी पातळी मात्र नंतर वाढवता येते. अख्खी बाजू एका दमात उतरवा, गाणं संपलं की थांबव-सुरू करू नका. रेकॉर्डिंग चालू असताना नवं गाणं सुरू झालं की कंट्रोल आणि एम दाबून खूण करत जा. नंतरचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

या मापाने तीस मिनिटांची एक बाजू सुमारे ४७६ मेगाबाइट होते. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा; आवाज न गमावता जागा बरीच कमी लागते. वाटायच्या प्रती वेगळ्या, ३२० केबीपीएसच्या एमपी-३: चार मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ मेगाबाइट.

कव्हरवर डॉल्बी बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) असं लिहिलेलं असेल आणि डेकवर ते बटण असेल तर ते चालू करून उतरवा. भरून घेतलेल्या कॅसेटला सहसा ते लागत नाही. खात्री नसेल तर बंद ठेवा. थोडी जास्त सरसर परवडते, चुकीच्या डॉल्बीने घोटलेला आवाज नाही.

वेग चुकला तर गायकच बदलतो

भरून देणाऱ्याचा टेप जलद, आपला संथ, त्यात पट्टा ताणलेला. अशाने गाणं चढं किंवा उतरं लागतं आणि लोक म्हणतात, ‘आवाज वेगळाच वाटतोय.’ मोजायची सोपी रीत अशी: ज्या गाण्याची मूळ लांबी ठाऊक आहे ते घ्या. मूळ पाच मिनिटांचं म्हणजे ३०० सेकंदांचं गाणं तुमच्याकडे २९० सेकंदांत संपत असेल तर वेग ३.४ टक्के जास्त आहे. सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून किंचित जास्त चढलेला. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणाऱ्या पर्यायात ०.९६७ हा आकडा घाला. फक्त एका गाण्यावर विसंबू नका, ॲपवरची आवृत्ती कापलेली असू शकते. दोन गाण्यांतून एकच आकडा निघाला तर तो खरा. बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला वेग वेगळा येत असेल तर दोष कॅसेटचा नसून पट्ट्याचा. आधी पट्टा बदला आणि पुन्हा उतरवा.

गाणं ओळखणारी ॲप्स निरुत्तर होतात त्यामागेही बऱ्याचदा हाच चुकलेला वेग असतो. आधी वेग सुधारा, मग ॲपला ऐकवा. तरी ओळखलं नाही तर मुखडा शोधू नका, अंतऱ्यातली ओळ रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा. मुखडे रिमेकमध्ये उचलले जातात, अंतरे क्वचित. फाल्गुनी पाठक यांचं १९९९ चं पायलवालं गाणं शोधताना २०२२ मध्ये नेहा कक्कर यांनी गायलेलं त्याचं नवं रूपही समोर येतं. अंतरा टाकला की जुनं लगेच वेगळं होतं.

सरसर कमी करण्याबद्दल एवढंच: गाण्याआधी टेप फिरतेय पण संगीत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्या आणि ६ डेसिबल, फार तर ८ कमी करा. त्यापुढे गेलात की झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात. मूळ फ्लॅकला हात लावू नका, हे प्रयोग प्रतीवर करा. मोनो टेपवर भरलेली कॅसेट असेल तर डावी-उजवी बाजू मिसळून मोनो करा. अझिमथ बरोबर असेल तर सरसर तेवढ्यानेच सुमारे ३ डेसिबल उतरते. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटमधली निवेदनं कापू नका. अमीन सयानी यांचा आवाज असलेला गीतमालेचा तुकडा हाती लागला तर गाण्यांपेक्षा दोन गाण्यांमधलं बोलणंच जास्त मोलाचं आहे. ‘गारवा’सारख्या अल्बममध्येही, जिथे सौमित्र यांचं कवितावाचन आणि मिलिंद इंगळे यांचं गाणं एकमेकांत गुंफलेलं आहे, गाण्याच्या पहिल्या सुरावर कात्री चालवली तर अर्धी गंमत जाते.

नावगाव

फाईलचं नाव असं ठेवा: वर्ष, गायक, अल्बम, बाजू, क्रमांक, गाणं. भरून घेतलेल्या कॅसेटला स्वतःचा क्रमांक द्या, ‘क-०७’ असा, आणि गाण्यांचा क्रम आहे तसा टिकवा. गाणी वेगळी केल्यानंतरही अख्ख्या बाजूची एक फाईल ठेवाच. कुणी, कुठल्या गाण्यानंतर कुठलं मागवलं होतं हे त्या क्रमातच आहे.

वर्षाच्या बाबतीत ॲपवर भरवसा ठेवू नका. तिथे पुष्कळदा डिजिटल स्वरूपात आल्याची तारीख दिसते. कॅसेटच्या कव्हरवर वर्तुळातल्या पी किंवा सी अक्षरापुढे छापलेलं वर्ष पाहा आणि तेच नोंदवा. कव्हर सपाट करून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ३०० वर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटण्याचा धोका जास्त. आतली घडी, मागची किंमत, कंपनीच्या इतर कॅसेटची जाहिरात, सगळं घ्या. दुकानदाराने भरून दिलेल्या कॅसेटच्या कव्हरवर त्याच्या अक्षरातली यादी असते, तीही. लोक गाण्याआधी तेच झूम करून बघतात.

काय निवडायचं

‘नव्वदीतली गाणी’ या नावाने शंभर गाण्यांची यादी पाठवली तर ती कुणी ऐकत नाही. धागा जितका अरुंद, तितकं लोक शेवटपर्यंत थांबतात. बारा गाणी, पन्नास-पंचावन्न मिनिटं, आणि एक कारण.

दोन धागे करून दाखवतो. पहिला, १९९५ आणि १९९६ ही दोनच वर्षं. अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांचा ‘बोलो ता रा रा’ १९९५ चे; लकी अली यांचा ‘सुनो’ आणि हरिहरन-लेस्ली लुईस यांचा ‘कलोनियल कझिन्स’ १९९६ चे. चित्रपटाबाहेरची एवढी गाणी एका झटक्यात का गाजली, याचं उत्तर केबलमध्ये आहे: चॅनेल व्ही १९९४ ला आलं, एमटीव्ही इंडिया १९९६ ला, आणि दोघांनाही दिवसभर दाखवायला व्हिडिओ हवे होते. त्यामुळे या धाग्यात गाण्यासोबत व्हिडिओची लिंक द्यायलाच हवी. मिलिंद सोमण यांना पाहिल्याशिवाय अलिशाचं गाणं पुरं होत नाही.

दुसरा धागा एका माणसाचा. बंगळुरूहून लंडनला गेलेले बिद्दू. १९७४ मध्ये कार्ल डग्लस यांच्या ‘कुंग फू फायटिंग’ची निर्मिती त्यांची. १९८० च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसन यांच्याकडून गाऊन घेतलेलं गाणं त्यांचं, १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ त्यांचा, आणि १९९५ चा ‘मेड इन इंडिया’ही. हा क्रम सलग ऐकवला की बेसच्या चालीतली सख्खी नाती कुणी न सांगता कानाला कळतात. धागा म्हणून हा पहिल्यापेक्षा उजवा आहे, कारण यात ऐकणाऱ्याला स्वतः काही सापडतं.

गोव्याचा धागा करायचा तर रेमो फर्नांडिस. १९८४ चा ‘गोवन क्रेझी’ त्यांनी शिवोलीच्या घरी रेकॉर्ड केला आणि कॅसेट स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोचवल्या. मग १९८६ चा ‘पॅक दॅट स्मॅक’, १९८७ चा ‘बॉम्बे सिटी’.

क्रम लावताना सुरुवातीला दोन सगळ्यांना पाठ असलेली गाणी, मग एक विसरलेलं. लागोपाठ तीन अनोळखी गाणी आली की लोक गळतात. सगळ्यात संथ गाणं सातव्या-आठव्या जागी ठेवा, शेवटी नाही.

सोबतची टीप

गाण्यासोबत तीन ओळी लिहा: वर्ष आणि माणसं, एक गमतीची गोष्ट, आणि कुठे कान किंवा डोळे लावायचे. ‘काय दिवस होते ते’ हे लिहू नका. ते ऐकणारा आपणच म्हणेल. नमुना असा:

‘तुनक तुनक तुन, दलेर मेहंदी, १९९८. यांची गाणी व्हिडिओतल्या नाचणाऱ्या मुलींमुळे चालतात अशी टीका होत होती, म्हणून या व्हिडिओत चार नर्तक आहेत आणि चारही दलेर मेहंदीच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम खेळणारं कुणी घरात असेल तर त्यांना ड्रेनाय पुरुषाचा नाच दाखवायला सांगा, तो याच व्हिडिओवरून घेतलाय.’

अशा टिपेचा फायदा दिसतो तो घरातल्या मुलांमध्ये. आईबाबांना गाणं माहीत असतं, मुलांना गेम, आणि दोघं एकमेकांना काहीतरी दाखवायला फोन पुढे करतात. टिपेतली प्रत्येक गोष्ट मात्र ताडून पाहिलेली हवी. कव्हरवर छापलेलं असेल ते बिनधास्त लिहा, ‘असं म्हणतात’ या आधाराचं काही लिहू नका, कारण व्हॉट्सॲपवर गेलेली चुकीची गोष्ट परत बोलावता येत नाही.

पोचवायचं कसं

ॲपवर मिळणारं गाणं फाईल म्हणून पाठवू नका, लिंक पाठवा. आवाज चांगला मिळतो, हक्कदाराला त्याचं मिळतं आणि फोन भरत नाही. परदेशातल्या नातेवाइकांसाठी दोन वेगळ्या ॲपच्या लिंक द्या. परवान्यांमुळे इथे वाजणारं गाणं न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये राखाडी दिसू शकतं, आणि यादीतली तीन गाणी अशी निघाली की उरलेली नऊही कुणी लावत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. १९९५ चं ध्वनिमुद्रण म्हणजे २०५५ च्या अखेरपर्यंत. १९६४ ची ध्वनिमुद्रणं २०२४ संपताना मोकळी झाली, पण शब्द आणि चालीचे हक्क वेगळे मोजले जातात, गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. स्वतःच्या खासगी वापरासाठी कॅसेट उतरवून ठेवणं ही एक गोष्ट. ती यूट्यूबवर चढवणं किंवा दोनशे जणांच्या ग्रुपवर वाटणं ही दुसरी, त्याला परवानगी लागते. घरच्या आवाजाच्या कॅसेट, आजीच्या ओव्या, भावाबहिणींच्या गाण्याच्या भेंड्या, हे तुमचं आहे. ते मोकळेपणाने पाठवा, फक्त ज्यांचा आवाज आहे त्यांना आधी विचारा.

व्हॉट्सॲपवर फाईल ‘ऑडिओ’ म्हणून टाकली की समोरच्याकडे बऱ्याचदा तिचं नाव जाऊन एयूडी आणि तारीख उरते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाव टिकतं. आठवड्याला तीन, संध्याकाळी, टिपेसकट. रोज पाठवलं तर लोक ग्रुप म्यूट करतात. वाटायच्या प्रती सगळ्या सारख्या जोराच्या हव्यात. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ वर ठेवा, म्हणजे एका गाण्याला आवाज वाढवला नि पुढच्याने दचकलो असं होत नाही.

प्रत्यक्ष जमून ऐकणार असाल तर यादी आधी डाउनलोड करा, ॲपमधला ऑटोप्ले आणि क्रॉसफेड बंद करा. क्रॉसफेडमुळे गाण्याचा शेवट खाल्ला जातो, आणि जुन्या पॉपमध्ये शेवटच्या वीस सेकंदांतच बऱ्याच करामती असतात. घरी कुणाची आडकाठी नाही. हॉटेल किंवा भाड्याचा हॉल असेल तर गाणी वाजवायचा परवाना आहे का ते जागा ठरवतानाच विचारा. प्रत्येक चार गाण्यांनंतर दहा मिनिटं काहीही वाजवू नका आणि कव्हरचे स्कॅन टीव्हीवर लावून ठेवा. बोलणं तिथेच सुरू होतं. त्या वेळी एकाने वही धरावी: कुणी म्हणेल हे गाणं अमक्या कॅसेटच्या बी बाजूला होतं, कुणी म्हणेल आमच्याकडे त्याची दुसरी आवृत्ती आहे. दुसऱ्या दिवशी ते ताडून फाईलच्या माहितीत भरा.

मूळ कॅसेट उतरवल्यावर टाकू नका. एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, उभ्या ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवा; माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे फार तापतं, आणि स्पीकरच्या शेजारीही नको, त्यात चुंबक असतो. फ्लॅकच्या तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी घरी.